आधी मोजा, मग ओरडा

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीची मीटिंग झाली. विषयपत्रिकेवर पाण्याचे टँकर, लिफ्टची दुरुस्ती आणि 'समोरील इमारतीवरील मोबाईल टॉवर हटविणेबाबत' असे तीन विषय होते. पहिल्या दोन विषयांत नेहमीची वादावादी झाली, ती सांगत बसत नाही. तिसऱ्या विषयाला एक सभासद उभे राहिले, खिशातून कागद काढला आणि म्हणाले, गेल्या पंधरा-सोळा वर्षांत आपल्या सोसायटीत कॅन्सरचे पाच पेशंट झाले. मग त्यांनी नावं वाचायला सुरुवात केली. तिसरं नाव आमच्या ह्यांचं होतं.

मंडळी, हे गेले २०११ साली, श्रावणात. समोरच्या बिल्डिंगवर टॉवर उभा राहिला तो २०१४ च्या दिवाळीनंतर. मला पक्कं आठवतं, कारण त्याचं सामान क्रेनने वर चढवत होते तेव्हा मी गॅलरीत आकाशकंदील उतरवत होते, आणि हे असते तर दुर्बीण घेऊन बसले असते असं मनात आलं होतं.

मी हात वर केला. (तेहेतीस वर्षं मुलांना हात वर करायला लावले, आता आमच्यावर पाळी.) म्हटलं, "अहो, टॉवर यायच्या तीन वर्षं आधी गेले ते." त्यावर ते सद्गृहस्थ जराही विचलित न होता म्हणाले, "काकू, तेव्हा आसपास दुसरे टॉवर असतीलच की!" आणि पुढचं नाव वाचलं.

खरं सांगते, राग त्यांनी नाव घेतल्याचा आला नाही. राग आला तो इतक्या सहजपणे माझ्या माणसाचा मृत्यू पुरावा म्हणून वापरला जातो आणि तो पुरावा खोटा आहे असं सांगितल्यावरही यादीतून नाव कमी होत नाही, याचा. शाळेत एखाद्या पोराने सनावळी अशी उलटी लिहिली असती तर मी शून्य मार्क दिले असते. आधी कार्य आणि मग कारण!

नंतर 'तज्ज्ञ' आले. त्यांना कोणी बोलावलं होतं ते मिनिटांमध्ये लिहिलेलं नाही. त्यांच्या हातात टीव्हीच्या रिमोटएवढा एक डबा. त्यावर हिरवे, पिवळे, लाल दिवे आणि 'टी टी टी' असा आवाज. त्यांनी तो डबा खिडकीकडे धरला, दोन पिवळे दिवे लागले, बायकांनी "अगंबाई" म्हटलं. मग त्यांनी तो टॉवरच्या दिशेने नेला आणि एकदम लाल दिवा, टी टी टी टी! सगळे गप्प. आणि तेवढ्यात त्या गृहस्थांच्याच शर्टाच्या खिशातला फोन वाजला. म्हणजे डबा ओरडत होता तो त्यांच्या छातीवरच्या फोनमुळे. मी आणि वॉचमनचा मुलगा, आम्ही दोघेच हसलो. बाकीच्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. मी विचारलं, "हा डबा कुठल्या लहरी दाखवतो? आकाशवाणीच्या, मोबाईलच्या की वायफायच्या?" म्हणाले, "आजी, रेडिएशन म्हणजे रेडिएशन." मग त्यांनी मोबाईलच्या पाठीला चिकटवायच्या चकत्या काढल्या. एका चकतीला पंधराशे रुपये. एकवीस जणांनी घेतल्या.

आता यावर नुसतं चिडून काय उपयोग? मी बी.ए. मराठी माध्यमातून केलेली, विषय मराठी आणि इतिहास. विज्ञानाच्या बाई रजेवर असल्या की त्यांच्या तासाला जाऊन बसायचे एवढाच माझा विज्ञानाशी संबंध. पण माझा एक जुना विद्यार्थी अशाच कामात आहे. त्याला फोन केला. तो म्हणाला, "बाई, शनिवारी येतो, यंत्र घेऊनच येतो." आणि आला. लॅपटॉपहून जरा लहान असं ते यंत्र, त्याला एक वायर, वायरीच्या टोकाला बोटाएवढा अँटेना. त्याचं नाव स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर.

हे यंत्र काय करतं ते त्याने मला आमच्या भाषेत सांगितलं, म्हणून इथे सांगते. पूर्वी आपण रेडिओची खुंटी पिळत पिळत स्टेशनं शोधायचो. समजा, ती खुंटी कोणीतरी आपोआप या टोकापासून त्या टोकापर्यंत सेकंदात अनेकदा फिरवतंय आणि प्रत्येक ठिकाणी आवाज किती मोठा आहे याची उभी रेघ काढतंय. झालं! आडव्या बाजूला फ्रिक्वेन्सी, उभ्या बाजूला जोर. गच्चीवर उभं राहिलं की शंभराच्या आसपास रेघांची एक रांग दिसते, त्यात १०१ मेगाहर्ट्झला आपलं विविध भारती. मग बराच वेळ मोकळं रान. मग नऊशेच्या आसपास डोंगरासारखे उंचवटे, ते मोबाईलचे. पुढे अठराशे, एकवीसशे, तेवीसशे. चोवीसशेला प्रत्येकाच्या घरातलं वायफाय. तेहेतीसशेच्या पुढे ऑक्टोबर २०२२ पासून आलेलं फाईव्ह-जी.

त्या डब्यात आणि या यंत्रात फरक हाच. मार्केट यार्डात कांदे, बटाटे, लसूण एकाच पोत्यात भरून काट्यावर टाकले तर वजन कळेल, पण भाव कशाचा लावणार? डबा सगळं एका पोत्यात टाकतो आणि वर काटाही तपासून घेतलेला नाही. साधे पण प्रमाणित मीटरही असतात, ते सगळ्याची एकत्र बेरीज नीट देतात, त्यांना मी नावं ठेवत नाही. पण काटा खरा हवा ना!

जोराचं माप असतं डीबीएममध्ये. शून्य डीबीएम म्हणजे एक मिलिवॅट, म्हणजे वॅटचा हजारावा भाग. तिथून दर दहा पायऱ्या खाली उतरलं की दहावा भाग. उणे दहा म्हणजे मिलिवॅटचा दहावा, उणे तीस म्हणजे हजारावा. गच्चीवर टॉवरकडे तोंड करून त्याने नऊशेच्या पट्ट्यातली सगळी शक्ती एकत्र मोजली, ती आली साधारण उणे दहा. मी म्हटलं, "अरे, मग हे जास्त की कमी?" तो म्हणाला, "बाई, हा आकडा नुसता घेऊन काहीच कळत नाही, अँटेना केवढा आहे ते त्यात धरावं लागतं." माझ्या वहीत त्याने हिशोब मांडला. त्या फ्रिक्वेन्सीला त्याच्या अँटेनाची पकड चौरस मीटरच्या पंचाहत्तराव्या भागाएवढी. म्हणजे एका चौरस मीटरवर पडतात सुमारे ०.००७५ वॅट.

आता मर्यादा किती? आंतरराष्ट्रीय मर्यादेचा एक दशांश, ही मर्यादा भारत सरकारने १ सप्टेंबर २०१२ पासून लागू केली. त्या नियमात ४०० ते २००० मेगाहर्ट्झपर्यंत सोपा हिशोब दिला आहे: फ्रिक्वेन्सीला २००० ने भागा. म्हणजे ९०० ला ०.४५ वॅट दर चौरस मीटर, १८०० ला ०.९, आणि २००० च्या पुढे १ वॅट. आमच्या गच्चीवरचा आकडा त्या ०.४५ चा साठावा भाग. बाकीचे पट्टे धरून सगळी बेरीज मर्यादेच्या शंभरात चार भागांपर्यंत गेली. आणि हे टॉवरच्या अगदी समोर!

मग आम्ही खाली हॉलमध्ये आलो. राऊटरपासून हातभर अंतरावर यंत्र धरलं तर चोवीसशेची रेघ गच्चीवरच्या रेघेच्या जवळपास पोचली. आणि मी माझा फोन अँटेनाजवळ धरून बहिणीला लावला तेव्हा जी रेघ उठली ती सगळ्यांच्या डोक्यावर. अंतर दुप्पट केलं की जोर चौथाई होतो, दहापट केलं की शंभरावा. टॉवर रस्त्याच्या पलीकडे आणि फोन कानाला, एवढी साधी गोष्ट. शिवाय टॉवर लांब गेला की फोनला जास्त जोरात ओरडावं लागतं. तेव्हा 'टॉवर हटवा' म्हणून सही करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, तो हटला तर कानाजवळची रेघ वाढणार आहे, कमी होणार नाही.

चकतीचीही परीक्षा घेतली. शेजारणीच्या फोनवर होती. चकतीसह आणि चकती काढून, रेघ तीच. अहो, चकतीने लहरी अडल्या असत्या तर फोन लागलाच नसता! एकवीस गुणिले पंधराशे, एकतीस हजार पाचशे रुपये. त्यात लिफ्टचा दरवाजा झाला असता.

माझ्या विद्यार्थ्याने एक गोष्ट मला दोनदा सांगितली आणि ती लपवणं अप्रामाणिकपणा होईल. त्याची ही मोजणी म्हणजे सर्टिफिकेट नव्हे. छोटा अँटेना एकाच दिशेला धरलेला, वायरीत थोडी शक्ती मरते, दुपारी फोनवर बोलणारे कमी आणि रात्री जास्त, फाईव्ह-जीचा झोत जिथे फोन आहे तिकडेच वळतो, त्यामुळे एका क्षणाची रेघ खरी मानायची नसते, सर्वात उंच रेघ धरून ठेवायला यंत्राला सांगावं लागतं. "दुप्पट-तिप्पट इकडे तिकडे होऊ शकेल, बाई," तो म्हणाला, "पण पंचवीसपट होणार नाही." बघा, ज्याला मोजता येतं तो आपल्या मापातली चूक आधी सांगतो. डबेवाल्याने एकदा तरी सांगितली का?

आता कोणी म्हणेल (आमचे धाकटे दीर म्हणालेच), "वहिनी, जागतिक आरोग्य संघटनेनेच म्हटलंय ना कॅन्सर होतो म्हणून?" तर नाही म्हटलेलं. त्या संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०११ साली या लहरींना 'टू-बी' गटात टाकलं, म्हणजे 'कदाचित कारण असू शकेल'. ही यादी पुरावा किती बळकट त्याची आहे, धोका किती मोठा त्याची नाही. त्याच गटात आशियाई पद्धतीच्या खारवलेल्या भाज्याही आहेत (आपलं कैरीचं लोणचं नव्हे, घाबरू नका). आणि तेव्हा जो थोडाफार पुरावा धरला तो फोन वर्षानुवर्षं कानाला लावणाऱ्यांचा होता. टॉवरजवळ राहणाऱ्यांबद्दलचा पुरावा अपुरा असंच तिथे म्हटलं होतं. तंबाखू मात्र पहिल्या गटात आहे, खात्रीच्या. आमच्या मीटिंगमध्ये तंबाखू मळत टॉवरविरुद्ध बोलणारे दोघे होते. असो.

टॉवरवाल्यांचं वकीलपत्र मी घेतलेलं नाही. त्यांच्यावर माझा दुसरा राग आहे. 'सर्व काही सुरक्षित आहे' एवढं एक वाक्य बोलून ते मोकळे होतात. समोरच्या बिल्डिंगच्या जिन्यात मोजणीचा एक कागद मराठीत लावायला काय हरकत आहे? माणसं अडाणी म्हणून घाबरत नाहीत, कोणी काही सांगत नाही म्हणून घाबरतात. (आणि आमच्या सोसायटीपुरतं बोलायचं तर भाडं समोरच्यांना आणि लहरी आपल्याला, हेही एक दुखणं आहेच. भाडं आपल्या सोसायटीला मिळालं असतं तर किती सह्या झाल्या असत्या, याचाही अंदाज मी करू शकते.)

खरी गंमत पुढे आहे. ज्या सद्गृहस्थांनी ह्यांचं नाव वाचलं ते मूळचे जुन्नर तालुक्यातले. चहाच्या वेळी त्यांनी दुसरा विषय काढला, पुणे-नाशिक रेल्वेचा. २३५ किलोमीटरची ही सेमी हायस्पीड रेल्वे आधी नारायणगावच्या बाजूने जाणार होती. २०२५ मध्ये रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी सांगितलं की खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीमुळे तो मार्ग बदलावा लागेल. आमचे गृहस्थ तावातावाने म्हणाले, "लहरींनी काय होतंय हो? चार ठिणग्या उडाल्या तर दुर्बीण काय आंधळी होणार आहे?"

मी चहाचा कप खाली ठेवला!

मी खोडदला गेले आहे. २०१९ साली २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, भाच्याच्या मुलांना घेऊन. पुण्यापासून साधारण ऐंशी किलोमीटर. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, त्यातल्या चौदा मध्यभागी आणि सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन फाट्यांवर, पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात. डॉ. गोविंद स्वरूप यांनी हे उभं केलं, ते २०२० साली पुण्यातच गेले. आत जाताना फोन बंद करायला सांगतात. मुलांनी कुरकुर केली. तिथल्या एका माणसाने त्यांना सांगितलं ते मला अजून आठवतं: आपल्या हातातला हा फोन चंद्रावर नेऊन चालू केला तर तो आकाशातल्या सगळ्यात प्रखर रेडिओ ताऱ्यांच्या पंगतीत बसेल. मुलांची कुरकुर थांबली.

हायड्रोजनची लहर मुळात १४२० मेगाहर्ट्झची, एकवीस सेंटिमीटर लांबीची. विश्व प्रसरण पावतं तशी तीही ताणली जाते. २०२३ च्या जानेवारीत याच खोडदच्या दुर्बिणीने इतक्या दूरच्या दीर्घिकेतली ही लहर पकडल्याचं जाहीर झालं की ती ताणून अठ्ठेचाळीस सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ६२० मेगाहर्ट्झची झाली होती. तेवढ्या क्षीण कुजबुजीपुढे विजेच्या तारेवरची सैल चिमणी, बिघडलेला टीव्हीचा बूस्टर, रेल्वेच्या वरच्या तारेवर उडणारी ठिणगी म्हणजे कीर्तनात कोणी ताशा बडवावा तसं. तिथले लोकही असेच अ‍ॅनालायझर घेऊन हिंडतात, कुठला गोंगाट कुठून येतो ते शोधत. माणसाला जे जाणवणारही नाही ते दुर्बिणीला बहिरं करतं. म्हणजे जिथे लहरींनी खरंच नुकसान होतं तिथे आमच्या गृहस्थांना ते दिसत नाही, आणि जिथे मोजल्यावर शंभरात चार भाग निघतो तिथे त्यांना माणसं मरताना दिसतात. दोन्हीकडे न मोजताच!

जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याला रेल्वे हवी, यात त्याचं काय चुकलं? टोमॅटो आणि द्राक्षं त्याला टेंपोतून घाटाघाटाने न्यावी लागतात. त्यांची बाजू खरी आहे. किती अंतरावरून, तारा झाकून की कशा, किती गोंगाट चालेल, हे मोजून भांडता येतं. तशी भांडणं मला आवडतात.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. आमच्या वरच्या मजल्यावर एक सून आहे, चाळिशीची. तिची केमो चालू आहे. मीटिंगनंतर तिला दोन-तीन जणींनी सांगितलं, "या घरात राहशील तोवर औषध लागू पडणार नाही." ती माझ्याकडे आली. म्हणाली, "काकू, आम्ही फ्लॅट विकायचं म्हणतोय. मिळेल त्या भावाला. आणि सगळ्या भिंतींना तो अडवणारा रंग लावायला एक लाख सांगितलेत." ट्रीटमेंटसाठी कर्ज काढलेलं घर ते. नवरा मार्केट यार्डात हिशोब लिहितो. मी तिला वही दाखवली, वर गच्चीवर नेलं, ०.००७५ आणि ०.४५ समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पण काकू, काकांचंही नाव होतं ना यादीत?"

हो. होतं. तिच्यासाठी ते काढायला हवं.

दूरसंचार विभागाने २०१७ साली 'तरंग संचार' नावाचं पोर्टल सुरू केलं. टॉवरची माहिती तिथे देतात आणि चार हजार रुपये फी भरून सरकारी मोजणी मागवायची सोय त्यांनी ठेवली. एका चकतीला पंधराशे देणाऱ्या एकवीस जणांत हे चार हजार प्रत्येकी दोनशे रुपयांहून कमी पडतात. मी सेक्रेटरींना अर्ज लिहून दिला आहे. सोसायटीने भरले तर ठीक, नाही तर माझ्या पेन्शनमधून भरते. अट एकच: आकडा काहीही आला तरी कागद जिन्यात लावायचा. जास्त आला तर टॉवर हटवायच्या अर्जावर पहिली सही माझी.

दुसरा अर्ज मिनिटबुकात दुरुस्ती करण्याबाबत. 'यादीतील क्रमांक ३ चे निधन २०११ साली झाले, टॉवर २०१४ साली उभारला गेला, सबब हे नाव वगळावे.' खाली माझी सही आणि ह्यांच्या मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स. सेक्रेटरी म्हणाले, "काकू, एवढं कशाला?" मी म्हटलं, पोच द्या.